वेताची बैठक

हाय विकमच्या चॅरिटी शॉपमध्ये बारा पौंडांना मिळाली,
बैठकीच्या जागी प्लायवूड ठोकलेली,
त्यावर कुणीतरी कुंडी ठेवत असावं : गोल, पांढरा डाग.
बीचचं लाकूड. मागचा डावा पाय सैल.
मी अडतीस वर्षं एक्स-रे काढले,
सैल सांधा मला लांबून कळतो.

आयव्हर प्रॅटली, वय ब्याऐंशी,
पंधराव्या वर्षी इथल्या खुर्च्यांच्या कारखान्यात शिरला,
कारखान्याच्या जागी फ्लॅट आले तेव्हा बाहेर पडला.
आता मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये शिकवतो,
तासाला नऊ पौंड, चहा धरून.

त्यानं आधी प्लायवूड उपटायला लावलं.
अठ्ठावीस खिळे. मी मोजले.
मग भोकाभोकांत राहिलेला जुना वेत,
काळा, दाढेत अडकल्यासारखा,
एकेक टोचून काढायचा.
चौकटीखाली खडूनं सात लिहिलेलं.
"म्हणजे आणखी सहा होत्या कुठंतरी," मी म्हटलं.
"किंवा सात शिलिंग," आयव्हर म्हणाला.

नवा वेत घरी बाथटबमध्ये भिजवला.
अर्ध्या तासानं वास सुटला
आणि मी टबच्या काठावर बसून राहिले.

कराडच्या आमच्या बुरूड गल्लीत बांबूचा असायचा,
हा वेताचा;
नाक एवढा फरक करत नाही.
पायाच्या अंगठ्यात टोक धरून
आबा कळकाच्या कामट्या सोलायचे.
बाळ झालं की लोक आमच्याकडून सूप न्यायचे,
लग्न ठरलं की दुरड्या,
आणि रात्री-अपरात्री कडी वाजली
तर आबा काही न विचारता
दोन लांब कळक बाहेर काढून द्यायचे.
मधल्या काळात माणसानं बसावं असं
आम्ही काही विणलं नाही.

मला तर हातच लावू द्यायचे नाहीत.
"कुसळं भरतील बोटांत. मग पेन कसं धरशील?"

आता त्रेसष्टाव्या वर्षी पैसे मोजून
मी शिकतेय
जे घरात फुकट होतं आणि मला बंद होतं.
लोक म्हणतात, रक्तात असतं.
नसतं.
चौथ्या फेरीला वरखाली चुकलं,
आयव्हरनं चष्मा न लावता
नुसतं बोट फिरवून दाखवलं कुठं,
आणि मी सहा ओळी उसवल्या.

अकरावीच्या प्रवेशाला आबा कॉलेजात आले होते.
क्लार्क म्हणाला, बसा.
खुर्ची वेताची होती.
आबा वाकले, बैठकीखाली हात घातला,
दोन बोटांनी दाबून पाहिलं,
"वीण ढिली पडलीय, साहेब, मधोमध जाईल,"
आणि फॉर्म भरून होईस्तोवर उभेच राहिले.
मी खाली मान घालून जन्मतारीख लिहीत होते.
कित्येक वर्षं वाटायचं, ते बिचकले.
परवा तिरपी फेरी ओढताना,
बोटाच्या पेराला चीर पडली तेव्हा, वाटलं,
खरंच ढिली असेल.
दोन्ही असेल.

पायाला सरस लावून शिकंज्यात आवळला.
काठाला जाड वेत बसवला, परकराच्या गोटासारखा.
"ओल्यावर बसू नकोस," आयव्हर म्हणाला,
"रात्रभर वाळू दे. आपोआप आवळेल."

रात्री किचनमधून आवाज आला, टक्.
मग बऱ्याच वेळानं, टक्.
कुणीतरी काम संपवून बोटं मोडत बसल्यासारखं.

सकाळी चहाचा कप घेऊन गेले.
वाकले, बैठकीखाली हात घातला,
दोन बोटांनी दाबलं.
घट्ट.
उजव्या कोपऱ्यात एक घर चुकलंय.
आयव्हरच्या बोटाला ते लागलं नाही,
किंवा लागलं आणि तो बोलला नाही.
आबा बोलले असते.

चहा मी उभ्यानंच प्यायले.